पुण्याला नातेवाइकांकडे राहायला जाताय? पहिल्या खेपेची तयारी

मुलाला हिंजवडीत नोकरी लागते, बहिणीचं बिऱ्हाड कोथरूडला येतं, शाळेतली मैत्रीण लग्न होऊन धनकवडीला येते, आणि मग घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच चार दिवस राहायला म्हणून पुण्याला निघतं. हा लेख त्या पहिल्या खेपेसाठी आहे. आमचं घर कर्वेनगरला. सासर-माहेर दोन्हीकडचा गोतावळा मोठा, त्यामुळे पाहुण्यांची ये-जा वर्षभर असते. एवढे पाहुणे पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: नातेवाइकांकडे उतरून पुणं बघायचं असेल तर ते त्यांना बरोबर घेऊन बघावं. पुण्यात राहणारी माणसं शनिवारवाड्यावरून रोज जातात, पण वर्षानुवर्षं आत पाऊल ठेवत नाहीत. केळकर संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहिलेलं, ते शेवटचं. पाहुणे आले की त्यांनाही निमित्त मिळतं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून लहान मुलांपर्यंत सगळ्यांना बरोबर येता यावं, यासाठी आखणी जरा वेगळी करावी लागते.

१. निघायच्या आधीचा फोन

"आम्ही येतोय" एवढंच कळवू नका, चार प्रश्न विचारा. मुलांच्या परीक्षा कधी आहेत? तुमच्या दोघांपैकी रजा कुणाला मिळेल, आणि कुठल्या वारी? घरून काम असेल तर मीटिंग किती ते किती? आणि आजी-आजोबांना किती चालवतं, जिने चढवतात का? या चार उत्तरांवर तुमचे चारही दिवस ठरतात.

वार ठरवताना गुरुवारचं विचारून घ्या. दुरुस्तीच्या कामासाठी महापालिका शहराच्या बऱ्याच भागांत पाणी बंद ठेवते, ते बहुतेकदा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबानं येतं. त्याच दिवशी सहा पाहुणे सामानासकट दारात उभे राहिले तर वहिनी काही बोलणार नाहीत, पण त्यांची तारांबळ होते. गाडी घेऊन येणार असाल तर सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीला जागा आहे का, तेही याच फोनवर विचारा. बऱ्याच सोसायट्यांत गेटवर नाव आणि गाडीचा नंबर आधी कळवावा लागतो.

२. कुठे उतरायचं

पुणं आता इतकं पसरलंय की "पुण्यात उतरलो" याला काही अर्थ राहिलेला नाही. घर कुठे आहे त्यावरून उतरायची जागा ठरवा.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या एसटी स्वारगेटला येतात. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरकडच्या गाड्या शिवाजीनगरच्या म्हणून ओळखल्या जातात, पण ते स्थानक वाकडेवाडीला हललंय, हे लक्षात ठेवा. मुंबईहून खासगी बसनं येत असाल आणि घर हिंजवडी, वाकड, बाणेर किंवा कोथरूड, वारजे भागात असेल, तर शहरात शिरूच नका. महामार्गावर वाकड, चांदणी चौक किंवा वारज्याला उतरलात तर तास वाचेल. रेल्वेनं येणाऱ्यांनी गाडी शिवाजीनगरला थांबते का ते बघावं. पुणे स्टेशनवर उतरलात तरी हरकत नाही. तिथून वनाझकडची मेट्रो थेट कोथरूडच्या तोंडाशी आणून सोडते.

मेट्रोचे दोन मार्ग आहेत: एक पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, दुसरा वनाझ ते रामवाडी. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकांना भेटतात, आणि मार्ग तिथेच बदलायचा. या स्थानकाचा भुयारी भाग जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. लहान मुलं बरोबर असतील तर त्या सरकत्या जिन्यांवर पाच मिनिटं जास्तीची धरा. मुलांना ते शनिवारवाड्याइतकंच आवडतं, आणि त्यात काही गैर नाही.

३. पिशवीत काय आणायचं

पुण्यात मिळतं ते आणू नका. सोलापूरची शेंगाचटणी, साताऱ्याचे कंदी पेढे, नागपूरची संत्रा बर्फी, कोकणातलं आगळ आणि कुळथाचं पीठ, जळगावची भरताची वांगी: तुमच्या गावचं जे असेल ते. वांगी आणलीत तर आणखी एक पायरी पुढे जा आणि एका संध्याकाळी भरीत-भाकरी स्वतः करा. पाहुण्यांनी एक वेळचं रांधलं की यजमानीण दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला यायला मोकळी होते. मी हे आमच्याच घरात बघते. बाहेर जायचं ठरलं की आधी डब्यांचा विचार करणारी बाई, कुणी "आज तुम्ही स्वयंपाकघरात येऊ नका" म्हणालं की सगळ्यात आधी चप्पल घालून तयार असते.

४. दिवसाची आखणी: एका दिवशी एकच

नवख्या पाहुण्यांच्या यादीत साधारण असं असतं: सकाळी सिंहगड, दुपारी कात्रजचं प्राणिसंग्रहालय, संध्याकाळी शनिवारवाडा आणि खरेदी. हे नकाशावर जमतं, रस्त्यावर जमत नाही. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ शहरात गाडी चालवणं म्हणजे थांबून राहणं.

म्हणून माझा आग्रह असा असतो: रोज एकच बाहेर पडणं, तेही सकाळी लवकर. साडेसहा-सातला निघायचं, साडेबाराच्या आत घरी. दुपारी जेवण आणि विश्रांती. पेठांमधली कितीतरी जुनी दुकानं आजही दुपारी बंद असतात, तेव्हा त्या वेळेत बाहेर राहून फार काही हाती लागतही नाही. संध्याकाळ घराजवळची ठेवा: टेकडी, बाग, चहा, गप्पा. असं केलं की ऑफिसला दुपारनंतर जाणारा भाऊजी, शाळा दुपारची असलेली पोरं, गुडघे धरलेल्या आत्या, सगळे कशात ना कशात येऊ शकतात.

५. पहिली सकाळ पेठांत

सुरुवात जुन्या गावापासून करा. गाडी घरी ठेवा. पेठांतले बरेच रस्ते एकेरी आहेत, पार्किंग सम-विषम तारखेप्रमाणे रस्त्याची बाजू बदलतं, आणि गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून हे सगळं सोपं झालंय. कसबा पेठ स्थानकावर उतरायचं, पायी फिरायचं, आणि मंडई स्थानकावरून परत बसायचं. मधला सगळा पल्ला सावकाश चालण्याचा आहे.

आधी कसबा गणपती. हे पुण्याचं ग्रामदैवत आणि मानाचा पहिला गणपती. सकाळच्या वेळी देवळात गर्दी नसते, शांतपणे बसता येतं. तिथून जवळच लाल महाल. मुलांना आधी सांगून ठेवा की शिवाजी महाराजांचं बालपण गेलं ती मूळ वास्तू उरलेली नाही. आज दिसतो तो महाल महापालिकेनं त्या जागेच्या परिसरात अलीकडच्या काळात बांधलाय. १६६३ सालच्या एप्रिलमध्ये शाहिस्तेखानाची बोटं छाटली गेली ती हकिकत आजोबांना सांगू द्या. आजोबा रंगवून सांगतात, गाइड लागत नाही.

मग शनिवारवाडा. १७३० साली थोरल्या बाजीरावांनी पायाभरणी केली, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला. आत राजवाडा बघायला मिळेल या अपेक्षेनं गेलात तर हिरमोड होतो, म्हणून हे आधीच माहीत असावं. बघायचं ते असं: दिल्ली दरवाजा आणि त्याच्या फळ्यांवरचे हत्तींना अडवणारे अणकुचीदार खिळे, वरचा नगारखाना, तटावरून फिरता येईल तेवढी वाट, आणि आतली जोती. जोत्यांवर उभं राहून दिवाणखाना कुठे असेल, हजारी कारंजं कसं उडत असेल, याचा अंदाज मुलांना करू द्या. तटाच्या पायऱ्या उंच आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांनी बाहेर पटांगणात बाकावर बसावं, पण त्यांच्याजवळ कुणीतरी थांबावं. एकट्यानं वाट बघणं म्हाताऱ्या माणसाला जड जातं.

इथवर नऊ-साडेनऊ होतात आणि भूक लागते. मिसळ खायची तर नारायण पेठेत बेडेकर आहे, शनिपाराजवळ श्री उपाहारगृह. बेडेकरांची मिसळ किंचित गोडसर अंगाची. कोल्हापूर-नाशिककडच्या पाहुण्यांना ती वेगळी वाटेल, पण पुण्याची म्हणून एकदा खावीच. बरोबर पावाऐवजी स्लाइस येतात आणि रस्सा मागायचा तर "सँपल" म्हणायचं. रविवारी इथे रांग असते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर आडवार बरा.

शेवटी दगडूशेठचं दर्शन, मग तुळशीबाग आणि मंडई. तुळशीबागेत काय मिळतं हे सांगत बसत नाही, यादी संपणार नाही. पण नात बरोबर असेल तर तिला भातुकलीची पितळी भांडी घेऊन द्या. गल्ल्या अरुंद आहेत, फोनला रेंज कधी असते कधी नसते, चुकामूक हमखास होते. म्हणून आत शिरायच्या आधीच भेटायची जागा ठरवा, आणि ती तुळशीबागेतलं राममंदिर ठेवा. बाजाराच्या ऐन मध्यात असूनही देवळाच्या आवारात निवांत वाटतं. ज्यांना खरेदीत रस नाही त्यांनी तिथेच टेकावं. पिशव्याही त्यांच्याकडेच.

महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ मध्ये सुरू झाली. तिच्या मधल्या अष्टकोनी भागाखाली उभं राहून वर बघा. यजमानांसाठी भाजी इथूनच घ्या. रोज सोसायटीच्या दारातली भाजी घेणाऱ्या मावशींना मंडईत गाळ्यागाळ्यांवरून फिरायला फार आवडतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

६. आजी आणि नातवंडांना एकत्र न्यायची जागा

मला विचाराल तर बाजीराव रस्त्यालगतचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आपल्या लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं हा संग्रह उभा केला. वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो. इथे राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत: अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्या, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी, करंड्या, खेळणी.

ही जागा भरभर चालून बघायची नाही. आजीला पुढे करा. "हे आमच्याकडे होतं" असं ती दर चार पावलांवर म्हणेल. त्या वस्तूनं काय करायचे, कुणाच्या हातात असायची, ती मोडली कशी, हे सगळं ऐकून घ्या. एरवी घरात विचारलं तर "काय सांगायचं त्यात" म्हणणारी बाई इथे तासभर बोलते. मुलांना एक काम द्या: आजीनं स्वतः वापरलेल्या वस्तू मोजायच्या. इमारतीत जिने आहेत. वरचे मजले आजीला झेपणार नसतील तर खालचंच दालन सावकाश बघा आणि बाकीच्यांना वर पाठवा. दुसऱ्या ठिकाणाहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल तेवढा चुकवू नका.

तिथून सारसबाग जवळ. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन आणि बाहेरची भेळ. शेजारी पेशवे पार्कमध्ये १९५६ साली सुरू झालेली फुलराणी ही छोटी आगगाडी आहे. पुण्यात वाढलेल्या दोन-तीन पिढ्या तिच्यात बसल्यात. ती चालू आहे का याची आधी चौकशी करा, कारण देखभालीसाठी मधूनमधून बंद असते. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाला जायचं असेल तर ते बुधवारी बंद, एवढं ध्यानात ठेवा. आवार मोठं आहे, अर्धा दिवस तिथेच जातो.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. रुंद आणि बेतशीर आहेत, पण गुडघेदुखीवाल्यांना नकोच. ज्यांना जमतं त्यांनी सकाळी सहाला जावं. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ आणि वरून दिसणारं सगळं शहर. यजमानांना वर नेऊन विचारा, तुमचं घर कुठल्या दिशेला.

चालणं अजिबात नको असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, एकाच काळ्या कातळात कोरलेलं देऊळ आणि समोर गोल नंदीमंडप. भर रहदारीच्या रस्त्यापासून चार पावलांवर, आणि आत गेल्यावर गाडीचा आवाज विसरायला होतो. नाहीतर आगाखान पॅलेस: कल्याणीनगर मेट्रो स्थानकावर उतरून पुढे रिक्षा. १९४२ ते १९४४ गांधीजी इथे नजरकैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघंही इथेच गेले, आणि त्यांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. तिथे मुलांना मोठ्यानं बोलू देऊ नका.

७. सिंहगड

पाहुणे आले की सिंहगड होतोच, आणि तो व्हावाच. पण कसा करायचा हे बरोबर कोण आहे यावर अवलंबून.

तरुण मंडळी असतील तर आतकरवाडीतून पायवाटेनं चढा. सवय असलेले लोक तासाभरात वर पोचतात. नवख्यांनी दीड तास धरावा. पहाटे साडेपाच-सहाला चढायला सुरुवात करा, ऊन डोक्यावर यायच्या आत वर असाल. पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) बस पायथ्यापर्यंत जातात. पाणी बरोबर असू द्या, आणि बाटली परत खाली आणा.

ज्येष्ठ आणि लहान मुलं असतील तर गाडीनं घाटातून वरच्या वाहनतळापर्यंत जा. वनविभागाच्या नाक्यावर पैसे भरायचे असतात. वाहनतळापासून पुणे दरवाजा थोड्याच चढावर आहे; एकापाठोपाठ तीन दरवाजे लागतात. तिथून पुढे ज्याला जेवढं जमेल तेवढं. समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास उंची असल्यामुळे वाऱ्याला जोर असतो. आजी-आजोबांसाठी शाल आणि टोपी उन्हाळ्याखेरीज कधीही लागते.

वर पोचलात की आधी जेवणाची ऑर्डर द्या, मग फिरा. पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदाभजी, मडक्यातलं दही. भाकऱ्या चुलीवर गरम करून वाढतात, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात तानाजी मालुसऱ्यांची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, टिळकांचा बंगला, देवटाकं आणि कल्याण दरवाजा एवढं बघून होतं. देवटाक्याचं पाणी चाखून बघा. मुलांना कड्यापाशी घेऊन जा, पण हात धरूनच. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कड्यावरून दोर लावून चढले, हे कोंढाण्याच्या त्या कड्याशी उभं राहून ऐकलं की पुस्तकातला धडा वेगळाच कळतो. आमच्याकडे सोलापूरहून आलेल्या एका छोट्या भाच्यानं तिथे विचारलं होतं, "रात्री? काळोखात?" आणि मग कितीतरी वेळ तो खाली बघत राहिला.

शनिवार-रविवारी सकाळी आठनंतर घाटात गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात ती दुप्पट होते, आणि दरड कोसळली की घाटरस्ता बंदही करतात. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर मधला वार धरा आणि निघायच्या आधी रस्ता चालू आहे याची खात्री करा. धुक्यात वर काहीही दिसत नाही, तरीही पावसाळ्यातला गड मला सगळ्यात आवडतो. भजी तेव्हाच खावीत.

उतरताना खडकवासल्याला थांबता येतं. धरणाच्या काठी कणसं, भजी, चहा. पाण्यात उतरू नका. तळ कुठे खोल आहे ते वरून कळत नाही, आणि दरवर्षी तिथे माणसं बुडतात. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं हे धरणही फुटलं, आणि नदीकाठचं निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. घरातल्या कुणा ज्येष्ठ पुणेकराला ते आठवत असेल तर त्यांना इथे आवर्जून बरोबर आणा. पाणी पेठांत कुठवर चढलं होतं, कोण कुणाच्या माडीवर राहिलं, हे तेच सांगू शकतात.

८. संध्याकाळ यजमानांच्या सवयीची

संध्याकाळी नवीन ठिकाण शोधू नका. यजमानांना विचारा, "तुम्ही एरवी कुठे जाता?" आणि तिथेच त्यांच्याबरोबर जा. कुणी रोज हनुमान टेकडीवर जातं, कुणी वेताळ टेकडीवर, कुणी तळजाईवर. कुणाचा ठरलेला अमृततुल्य असतो आणि तिथे ठरलेली माणसं. काकांच्या कट्ट्यावर तुमची ओळख करून दिली जाते तेव्हा काकांना झालेला आनंद बघण्यासारखा असतो. टेकडीवर अंधार पडायच्या आत उतरा.

एक संध्याकाळ नाटकाला ठेवा. शनिवार-रविवारी बालगंधर्व रंगमंदिर, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, टिळक स्मारक मंदिर इथे प्रयोग असतात. वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघा. १९६८ साली उघडलेलं बालगंधर्व छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानकाला लागूनच आहे. गावाकडे नाटक क्वचित येतं, त्यामुळे पाहुण्यांना त्याचं अप्रूप असतं. आणि यजमानांनाही शेवटचं नाटक कधी पाहिलं ते आठवत नसतं. तिकिटं तुम्ही काढा. प्रयोगानंतर सदाशिव पेठेत जाऊन मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध, प्या.

९. एक दिवस शहराबाहेर

चार दिवसांत एकदाच, आणि सगळ्यांना सुट्टी असेल त्या दिवशी. देवदर्शन हवं असेल तर आळंदी-देहू एका दिवसात आरामात होतं. जेजुरी आणि मोरगावही जोडून करता येतं, पण जेजुरीला पायऱ्या बऱ्याच आहेत. मुलांना आणि तरुणांना भाजे लेणी न्या. लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, तिथून गावातून चालत किंवा रिक्षानं पायथ्याला, मग पायऱ्या. दोन हजार वर्षांहून जुनं लाकडी तुळयांचं चैत्यगृह डोळ्यांसमोर उभं राहतं. डबा घरून घ्या. लोकलच्या डब्यात पोळी-भाजी वाटून खाणं हा सहलीचाच भाग आहे.

१०. सण आणि पावसाच्या दिवसांत

गणपतीत यायचं असेल तर पहिल्या दिवसांत या. मानाचे पाच गणपती (कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा) सकाळी सातच्या सुमाराला निवांत होतात. रात्रीचे देखावे बघायचे तर लहान मूल आणि म्हातारं माणूस नको. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठ भागात रस्ते बंद असतात; पण त्या दिवसांत आलात तर वारकऱ्यांच्या सेवेला यजमानांबरोबर जरूर उभे राहा. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि डेक्कनकडून पेठांत जायला वळसा पडतो. रिक्षावाले हे सांगतातच.

११. पैशांचं आणि घरातलं

रिक्षा मीटरनं असते. बसल्यावर मीटर पाडलेला आहे ना ते बघा. यजमान प्रत्येक ठिकाणी पैसे काढायला पुढे होतील, त्यावर काउंटरवर ओढाताण करू नका. पहिल्याच दिवशी सांगा: "वहिनी, घरातलं तुमचं, बाहेरचं आमचं. यात बोलायचं नाही." मेट्रोची तिकिटं, प्रवेशशुल्क, नाष्टा, नाटक हे सगळं पाहुण्यांनी उचलावं. पुण्यातलं घर हप्त्यांवर चाललेलं असतं, हे नातेवाईक बोलून दाखवत नाहीत.

सकाळी कामाच्या मावशी यायच्या आत अंथरुणं उचला, बाथरूमच्या वेळा विचारून घ्या, आणि कुणाची ऑनलाइन मीटिंग चालू असेल तर टीव्ही बंद ठेवा. दुपारी घरातल्यांना झोपू द्या.

१२. परतीचा दिवस

रविवार संध्याकाळची परत जाणारी गाडी टाळा. मुंबईकडे द्रुतगती मार्ग तेव्हा भरलेला असतो, आणि स्वारगेटला उभं राहायला जागा नसते. सोमवारी पहाटे निघालात तर बरं.

न्यायची खरेदी आदल्या दिवशी सकाळी उरका: चितळ्यांची बाकरवडी, लक्ष्मीनारायण चिवडा, आणि कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीची श्रूजबेरी. कयानी दुपारी बंद होते आणि माल संपतोही, म्हणून तिथे आधी.

निघताना मुलांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवता, वहिनींची ओटी भरता, ते ठीकच. त्याबरोबर एक तारीखही द्या. "या कधीतरी आमच्याकडे" म्हटलं की कुणी येत नाही. मुलांच्या शाळेचं कॅलेंडर तिथेच फ्रिजवर लावलेलं असतं, त्यात दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी बघा, चार दिवसांवर खूण करा, आणि जमलं तर त्यांची तिकिटं त्याच वेळी मोबाइलवर काढून टाका.